निळीसाठी मारलेली थाप

अकोल्याच्या रंगारी गल्लीत, मोर्णा नदीच्या अंगाला पुंजाराम रंगाऱ्याचं घर होतं. घराच्या परसात निळीचा एक थोरला रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता. पुंजारामच्या आजानं तो पुरला, म्हणून त्या रांजणाचंच नाव घरात आजा पडलं होतं. आजा जेवला का, आजाला ऊब पुरते का, आजा आज रुसला काहून, अशी तिथे रोज विचारपूस चाले. नव्यानं आलेल्या पाहुण्याला वाटे, आत कुणी म्हातारं माणूस खाटेवर पडून आहे.

तसं ते फार चूकही नव्हतं, कारण निळीचा रांजण जिवंत असतो. निळीची वडी नुसत्या पाण्यात कितीही घोटा, ती विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी बसते. पण चुना, गूळ आणि तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, शिजवलेलं बी घालून तिला उबेत ठेवलं की रांजण आंबायला लागतो आणि आंबवणारे डोळ्यांना न दिसणारे जीव निळीचं रूप पालटतात. ती पिवळसर हिरवी होऊन पाण्यात उतरते. वर तांब्यासारखी चकाकणारी साय धरते. त्या पाण्यात कापड बुडवून बाहेर काढलं की हवा लागते, हिरव्याचं बघता बघता निळं होतं आणि तो रंग धाग्याच्या पोटात जाऊन बसतो.

हे जीव कधीकधी बिनसतात. साय जाते, वास उग्र होतो, कापडावर नुसता मळकट डाग उठतो. अशा वेळी रंगारी आधी रांजणाला खाऊपिऊ घालतो आणि मग गावात एक मोठी थाप सोडतो. लोकांनी ती खरी मानली की रांजण सुधारतो, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. पुंजारामची आई पार्बताबाई हिनं मरण्याआधी सुनेला, मनकर्णेला, हे काम रीतसर शिकवलं होतं. थाप मोठी हवी, पण कुणाच्या अंगाला लागणारी नको. सांगताना हसायचं नाही. आणि रांजण सुधारला की आपण होऊन सगळ्यांना सांगून टाकायचं, म्हणजे कुणी राग धरत नाही.

मनकर्णा या कामात सासूच्याही पुढे गेली. बाळापूरच्या वाटेवर निजामाचा हत्ती चिखलात रुतलाय आणि माहूत दोरखंड मागत फिरतोय, असं तिनं एकदा पाणवठ्यावर सहज सांगितलं, तर अर्धं अकोला दोर खांद्यावर टाकून निघालं. तेव्हापासून गावात काही अचाट बातमी आली की लोक आधी विचारत, पुंजारामची नीळ तर नासली नाही ना?

त्या वर्षांत खऱ्या बातम्याही थापांसारख्याच होत्या. दूर अमेरिकेत लढाई जुंपली आणि तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडल्या. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग गावाबाहेर जाई. काल ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती तो आज बैलांच्या शिंगांना चांदी मढवत होता. आणि हातात पैसा आला की माणसाला नवा रंग हवासा वाटतो. मुंबईहून आलेल्या दलालांच्या उपरण्यांवर लोकांनी एक जांभळा पाहिला होता, पिकल्या जांभळापेक्षा उजळ, उन्हात जळतोय की काय असा वाटणारा. त्यापुढे पुंजारामची निळी लुगडी कोण विचारतो? गिऱ्हाइकं येत, हात लावत आणि विचारत, तो जांभळा नाही का?

अशात कमलाकांत मुंबईहून परत आला.

कमलाकांत म्हणजे बापूसाहेब वकिलांचा मुलगा. तो आणि पुंजाराम एकाच डोहात पोहायला शिकले. एकदा तो गटांगळ्या खात होता तेव्हा पुंजारामनं त्याला शेंडीला धरून काठावर ओढलं होतं, आणि शेंडी दुखली म्हणून तो आठवडाभर अबोला धरून बसला होता. पुढे बापूसाहेबांनी त्याला डॉक्टरी शिकायला मुंबईला धाडलं. प्रेत पाहून त्याला भोवळ येई, म्हणून ते शिक्षण अर्धवट राहिलं. पण रसायनाच्या वर्गात मात्र त्याचा जीव रमला होता. परत आल्यावर वडिलांसमोर उभं राहायची त्याला चोरी वाटे. तो दिवसभर पुंजारामच्या अंगणात लिंबाखालच्या खाटेवर बसून राही. मनकर्णेनं पाण्याचा तांब्या पुढे केला तर वकिलाघरचा मुलगा असून तिच्या हातचं पाणी घटाघटा पिई. मनकर्णेच्या मनात त्याच्याविषयी विश्वास बसला तो त्या तांब्यापासून.

एक दिवस तो म्हणाला की तो जांभळा कुठल्या फुलाचा की मुळाचा नाही, माणसानं भट्टीवर घडवलेला रंग आहे. दगडी कोळशाच्या डांबरातून एक तेल काढतात, त्या तेलापासून तो होतो. आणि तेच तेल निळीतूनही निघतं. पुंजारामनं निळीची वडी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, जणू घरातल्याच माणसाबद्दल काहीतरी भलतंच ऐकलं.

कमलाकांतचं म्हणणं खरं होतं, आणि ते आपण नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मुलं हात धरून रिंगण करतात तसे कर्बाचे सहा अणू एकमेकांना धरून गोल उभे राहतात. निळीच्या रेणूत अशी दोन रिंगणं आहेत. प्रत्येकाला खेटून पाच जणांचं एक छोटं रिंगण आहे, आणि त्या छोट्या रिंगणात कर्बांच्या बरोबरीनं नत्राचा एक अणू हात धरून उभा आहे. निळीला जळजळीत खारात तापवलं की ही छोटी रिंगणं तुटतात. मोठं रिंगण टिकतं, आणि नत्र त्याला बाहेरून एका हातानं धरून लोंबकळत राहतो. हेच ते तेल, ॲनिलिन. जांभळा करायचा म्हणजे बाहेर लोंबकळणाऱ्या नत्राला परत आत घ्यायचं. चार रेणू जवळ आणायचे, त्यांना डिवचायचं, आणि दोन नत्रांनी दोन्ही बाजूंनी हात धरले, मध्ये नवं रिंगण जुळलं, की रंग फुलतो. आज हे शाळेतल्या फळ्यावर काढून दाखवता येतं. तेव्हा विलायतेतल्या मोठमोठ्या रसायनशास्त्र्यांनाही ते दिसलेलं नव्हतं. कमलाकांतला फक्त कृती ठाऊक होती.

दोघांनी परसात भट्टी घातली. राखेच्या पाण्यात चुना घालून खार केला, निळीच्या वड्या कुटून त्यात टाकल्या आणि दारू गाळतात तशी वाफ नळीतून थंड करून गाळली. पाण्याबरोबर पिवळसर तेल उतरलं. त्याचा वास मनकर्णेला मुळीच आवडला नाही. मग कमलाकांतनं तेलात गंधकाचं तेजाब घातलं, मुंबईहून आणलेले नारंगी खडे विरघळवून ओतले. तळाशी काळा गाळ बसला. तो धुऊन, वाळवून कढईत मोहाच्या दारूत कालवायचा, म्हणजे त्यातून जांभळा उतरतो, असं तो म्हणाला. कालवला. दारू गढूळ करडी झाली. पुन्हा केलं, पुन्हा करडीच. कमलाकांतचं तोंड उतरलं.

इकडे पुंजारामनं ही गोष्ट पोटात ठेवली नव्हती. अमरावतीकडचे खुशालराव म्हणून एक मोठे शेतकरी होते, कापसानं त्यांचं घर भरलं होतं. लेकीच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडी मंडळींना जांभळे फेटे बांधायचे त्यांच्या मनात होतं. त्यांच्या कानावर गेलं आणि ते अकोल्याला कोर्टाच्या कामासाठी आले तेव्हा थेट परसात येऊन उभे राहिले. त्या दिवशी कमलाकांतनं गाळ कालवला, आणि जांभळा उतरला.

पुंजारामनं हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं पागोटं त्यात बुडवलं, पिळलं, झटकलं. परसातल्या सगळ्यांची तोंडं त्या रंगानं उजळली. खुशालराव म्हणाले की फेटे तर होतीलच, पण लग्नानंतर अमरावतीला या रंगाचा कारखानाच काढू. कमलाकांतनं पुंजारामच्या खांद्यावर हात टाकला आणि सांगितलं की रंग दोघांचा आहे. मनकर्णेनं त्या दिवशी पुरण घातलं.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात येत होती. कमलाकांत नसताना पुंजारामनं एकट्यानं केलं की गाळ काळाच राही. कमलाकांत म्हणे, तुझी नीळ घाण आहे, तेल आणखी शुद्ध कर. मग पुंजाराम तेल पुन्हा पुन्हा गाळी, पार पाण्यासारखं नितळ होईपर्यंत, आणि दर वेळी रंग आणखीच दूर जाई. स्वतःच्या हातालाच तो दोष देई.

त्या बिचाऱ्याला काय माहीत की दोष त्याच्या शुद्धपणातच होता? नवं रिंगण जुळायला जे चार रेणू लागतात, त्यातल्या दोघांजवळ एकेक जास्तीचा कर्ब असावा लागतो. ते तेलाचे भाऊबंद. डांबरातल्या तेलात ते आपोआप मिसळलेले असतात. निळीतून निघालेलं तेल स्वच्छ असतं, त्यात ते नसतात. पुंजारामनं जन्मभर गाळलं असतं तरी त्या भट्टीवर तो जांभळा जुळला नसता. कमलाकांतलाही हे कारण माहीत नव्हतं. मात्र रंग जुळत नाही, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

निळीच्या वड्या भट्टीत जाऊ लागल्या तशी आजाची उपासमार सुरू झाली. साय विरली. वास उग्र झाला. मनकर्णा रोज सकाळी झाकण काढून हुंगे. तिनं नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला की आता आजाचं काय काम, अमरावतीचा सौदा झाला की रांजण उपसून त्यातली उरलीसुरली नीळही तेलाला घेऊ.

"उपसून?" मनकर्णा म्हणाली. "अन् मंग?"

"मंग काय? मोकळा होईन. बुढा झाला तो."

मनकर्णेनं आपल्या हाताकडे पाहिलं. लग्न होऊन आली तेव्हा पार्बताबाईनं तिचा हात कोपरापर्यंत त्या रांजणात बुडवला होता आणि निळा झालेला हात गल्लीतल्या बायांना दाखवला होता. त्या हातावरूनच ती या घरची झाली होती.

अमरावतीला जायच्या आदल्या दिवशी कमलाकांत पुन्हा आला. खुशालरावांच्या दारी पाहुण्यांसमोर दाखवायचा रंग इथूनच करून न्यायचा होता. तो नेहमीसारखा खाटेवर बसला, चंची काढून पान लावलं, मग उठून भट्टीकडे गेला. जांभळा छान उतरला. तो बरणीत भरून दोघांनी गाडीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मनकर्णा अंगणात सडा टाकत होती. खाटेपाशी शेणपाण्याचे थेंब पडले आणि जमिनीवर जांभळी टिंबं उमलली.

ती थांबली. भट्टी परसात होती, रंगाची बरणी मागच्या दारानं गेली होती. अंगणात रंगाचा एक थेंबही आला नव्हता. तिनं वाकून खाटेचा पाय बाजूला केला. तिथली जमीन कोरडी होती, आणि तिच्यावर हिरव्या सोनेरी झाकेचे बारीक कण पडले होते, भुंग्याच्या पंखाचा चुरा असावा तसे. तिनं एक कण तळहातावर घेतला, त्याला थुंकी लावली. तळहातावर जांभळं वर्तुळ पसरलं.

भट्टीतून निघतो तो रंग ओला असतो. हा कोरडा होता, तयार होता, आणि चंचीतून सांडला होता. कमलाकांत मुंबईहून नुसते नारंगी खडे आणत नव्हता. परक्या कारखान्यातला जांभळा तो पुडीत बांधून आणत होता आणि पाठ फिरवून कढईत टाकत होता.

ती आत गेली. पुंजाराम पागोटं बांधत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. पुंजाराम ऐकत गेला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू कौतुक उमटत गेलं.

"वा," तो म्हणाला. "हत्तीपेक्षा भारी हाय. पण अंगाले लागणारी नको, असं माय सांगून गेली ना तुले?"

मनकर्णेला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तिच्या नवऱ्याला वाटत होतं की रांजण नासलाय म्हणून ती थाप मारते आहे.

तिनं त्याचा हात धरून त्याला अंगणात आणलं. दुसरा कण त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्यावर पाण्याचं बोट टेकवलं. पुंजाराम रंगारी होता, त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती. मग त्यानं तो हात धोतराला पुसला. धोतरावर जांभळा ओघळ उठला.

"कोणाले सांगू नको," तो म्हणाला. "मी सोताच बोलतो त्याच्याशी. खुशालरावासमोर बोलतो. आजाले कोणी हात लावणार नाही."

"खरं?"

"आता तुयासंगं काहून खोटं बोलू?"

मनकर्णा गाडीत बसली ती या शब्दावर. वाटेत मुर्तिजापूरला मुक्काम झाला, दुसऱ्या दिवशी बडनेरा मागे पडलं. पुढच्या गाडीत कमलाकांत गुणगुणत होता. पुंजाराम सगळी वाट मुका होता. तो शब्द जुळवतोय, असं तिला वाटलं.

खुशालरावांच्या वाड्यापुढे मांडव पडला होता. दलाल, शेतकरी, सावकार, सोयरेधायरे मिळून चांगली गर्दी होती. बरणी उघडली, कापडं बुडवली, दोरीवर जांभळी रांग लागली. लोक जवळ येऊन बोटानं चाचपून बघत होते. कमलाकांतनं छोटंसं भाषण केलं. त्यानं सांगितलं की हे सगळं आमच्या वऱ्हाडच्या निळीतून, आमच्या पुंजारामच्या हातून घडलंय, परदेशाचं यात काही नाही. मग खुशालराव उठले आणि त्यांनी एक जांभळा फेटा स्वतःच्या हातानं पुंजारामच्या डोक्यावर बांधला. असा मान रंगारी गल्लीत कुणाला मिळाला नव्हता. पुंजारामच्या बापानं अशा मांडवात पुढे येऊन पाऊल ठेवलं नव्हतं.

मनकर्णा बायांच्या बाजूला उभी होती. ती वाट पाहत होती. आता बोलेल, फेटा बांधून झाला की बोलेल. खुशालरावांनी पानाचं ताट मागवलं. कारखान्याची जागा ठरली, आजाला उपसायचा दिवससुद्धा ठरला. पुंजाराम मान डोलावत होता.

तेव्हा ती पुढे आली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेला.

"खुशालराव, हा रंग निळीचा नाही. कमलाकांतभाऊंनी तो मुंबईहून भुकटी करून आणला अन् आमच्या कढईत टाकला. माह्या डोळ्यानं पाह्यलं."

कमलाकांतचा चेहरा आधी पांढरा पडला. पण तो वकिलाचा मुलगा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो गर्दीकडे वळला आणि हसून, अगदी मायेनं म्हणाला, "माफ करा मंडळी. वहिनींची नीळ नासलीय सध्या."

आधी एकजण हसला, मग सगळे. अकोल्याच्या हत्तीची गोष्ट अमरावतीलाही ठाऊक होती. कुणी म्हणालं, बाई, दोर घेऊन येऊ का? खुशालरावही हसले, पण ते शहाणे गृहस्थ होते, त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पुंजारामकडे पाहिलं.

"काय गा पुंजाराम, काय म्हणते तुयी घरवाली? खरं का थाप?"

पुंजारामच्या डोक्यावर फेटा होता. त्याच्या एका बाजूला कमलाकांत, समोर मनकर्णा. त्याच्या धोतरावर अजून तो जांभळा ओघळ होता, तिला तो इथूनही दिसत होता. कमलाकांतनं हळूच त्याच्या दंडाला हात लावला, डोहात बुडताना धरावा तसा.

"थाप हाय जी," पुंजाराम म्हणाला. "आजासाठी."

मनकर्णा वळली. लोक हसत हसत तिला वाट करून देत होते, कुणी कुणी वाखाणतही होते, आणि ती त्यांच्यातून चालत गाडीपर्यंत गेली. थोड्या वेळानं कमलाकांत गाडीपाशी आला. त्यानं खाली मान घालून सांगितलं की पहिल्यांदा तो अगदी खरेपणानं झटला होता, पण खुशालराव दारात येऊन उभे राहिले तेव्हा रिकामी कढई दाखवायची त्याची छाती झाली नाही, म्हणून मुंबईहून नमुन्याला आणलेली पुडी त्यानं तीत टाकली.

"मला थोडा वेळ हवा होता, वहिनी. एक दिवस तो खरोखर जुळला असता."

"भाऊ," मनकर्णा म्हणाली, "तुमी परके. तुमचं काय घेऊन बसू?"

नवराबायको अकोल्याला परतली. बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. नदीवर बाया तिच्याभोवती जमल्या. अमरावतीच्या भर मांडवात, एवढ्या मोठ्या माणसांसमोर, तोंडावरची रेषही न हलवता, काय थाप मारली व माय, असं म्हणून त्या पोट धरून हसल्या. मनकर्णा लुगडं आपटत राहिली.

पुंजारामनं आजाला उपसलं नाही. फेटा खुंटीला टांगून तो दुसऱ्या दिवसापासून स्वतःच रांजणाच्या मागे लागला. उसन्या निळीच्या वड्या आणल्या, तरोटा शिजवला, गूळ घातला, भोवती लीद आणि कोंडा रचून ऊब दिली, सकाळ संध्याकाळ काठीनं हलक्या हातानं ढवळलं. आंबवणाऱ्या जिवांना खायला मिळालं, ऊब मिळाली आणि ते पुन्हा कामाला लागले. काही दिवसांनी एका सकाळी त्यानं झाकण काढलं तर तांब्याची साय वर आली होती आणि वास गोडसर झाला होता.

तो धावत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला.

"आजा सुधरला व. ये, पाह्य. लोकायनं थाप खरी मानली म्हणून सुधरला."

मनकर्णा भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"कोणाची थाप खरी मानली?" ती म्हणाली.

भाकरी तव्यावर पडली, फुगली, उलटली, ताटात आली. पुंजाराम परत परसात गेला.

खुशालरावांच्या लेकीचं लग्न जांभळ्या फेट्यांत पार पडलं. कारखान्याचं सामान आणायला म्हणून कमलाकांत मुंबईला गेला तो आलाच नाही. बापूसाहेब कुणाच्या नजरेला नजर देईनासे झाले. शेवटी एक दिवस खुशालरावच पुंजारामच्या अंगणात येऊन खाटेवर बसले. त्यांनी रागानं आवाज चढवला नाही. मनकर्णेला समोर बोलावून म्हणाले की बाई, तू सांगितलं होतं. तिनं मान हलवली. मग त्यांनी पुंजारामकडे तोंड केलं.

"अन् तुले माहीत होतं का रे?"

पुंजाराम पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. खुशालराव समजले. पुढे ते गावात, कचेरीत, बाजारात जिथे जातील तिथे सांगत राहिले की तो जांभळा विकतचा होता, त्या वकिलाच्या पोरानं सगळ्यांना फसवलं आणि रंगाऱ्यानं साथ दिली. ऐकणारे मान डोलावत. त्यांची पाठ वळली की एकमेकांना म्हणत, पुंजारामची नीळ पुन्हा नासलेली दिसते, या खेपेला त्यानं खुशालरावांना कामाला लावलं.

खुशालराव अंगणात येऊन गेले त्या दिवशी संध्याकाळी पुंजारामनं खुंटीवरचा जांभळा फेटा काढला आणि तो घेऊन मनकर्णेपाशी आला. तो म्हणाला की आजात बुडव हा, निळाकाळा होऊन जाईल, घरात नको हा रंग.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्या डोक्यावर चार लोकायत बांधला हाय. मी काहून बुडवू?"

तिनं फेटा त्याच्या हातातून घेतला, घडी नीट केली आणि परत खुंटीला अडकवला.

मग ती परसात गेली. त्या दिवसाचं पहिलं कापड, एक नवं लुगडं, अजून आजात बुडवायचं होतं. लग्न झाल्यापासून रोज पहिलं कापड वर काढताना दोघांनी एकेक पदर धरायचा, हवेत हिरव्याचं निळं होताना दोघांनी मिळून पाहायचं, अशी त्यांची रीत होती. पुंजाराम मागच्या दारात येऊन उभा राहिला, हात पुसून तयार.

मनकर्णेनं कापड बुडवून वर काढलं, त्याचं एक टोक कुंपणाच्या खुंट्याला बांधलं, दुसरं आपल्या हातात धरलं, आणि नीळ चढेपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.